एका पाकिटाला किती पाणी

दुपारचे सव्वादोन वाजले होते. डाव्या हातावर नऊ महिन्यांचं पिल्लू नुकतंच झोपलं होतं, उजव्या हातात फोन होता आणि फोनच्या पडद्यावर एक हिरवी रेघ तुरुतुरु पळत होती. शेजारणीच्या दोरीवरच्या नव्याकोऱ्या कपड्यांकडे बघावं तशी ताई त्या रेघेकडे बघत होती.

हिरवी रेघ म्हणजे चिमणी. नर्सिंगच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला त्या दोघी आणि लांबू अशी तिघांची टीम होती, आणि टीमचा सगळा अभ्यास एका सामायिक फाइलीत चालायचा. फाइल तिघांकडे एकाच वेळी उघडायची. कोण काय लिहितंय ते बाकीच्यांना तिथल्या तिथे दिसायचं, आणि प्रत्येकाचा रंग वेगळा. चिमणी हिरवी, लांबू निळा, ताई जांभळी. चिमणी एकवीस वर्षांची, होस्टेलवर राहणारी, दहाही बोटांनी टाइप करणारी. ताई एकोणतीसची. दिवस राहिल्यावर शिक्षण सोडलं होतं, आता पुन्हा येऊन बसली होती. टाइप करायला तिच्याकडे एक अंगठा होता. तोही पिल्लू झोपलं तर.

म्हणून ताई लिहायची नाही, बोलायची. पाजता पाजता, लंगोट बदलता बदलता, गॅसजवळ उभी राहून ती चिमणीला व्हॉइस मेसेज पाठवायची. "हे लिहून घे गं." चिमणी लिहून घ्यायची. हिरव्या रंगात.

तसं पाहिलं तर यात काही बिघडलं नव्हतं. पण महिन्यापूर्वी शिकवणाऱ्या मॅडमनी जाहीर केलं, की शेवटच्या सहा महिन्यांसाठी मुलांच्या बाह्यरुग्ण विभागात दिवसाची ड्यूटी आहे. सकाळी आठ ते चार, रविवारी सुट्टी. प्रत्येक टीममधून एकाच नावाची शिफारस होणार. बाकीच्यांना तिन्ही पाळ्या.

"कोणाचं नाव द्यायचं ते मला कुणी येऊन सांगायचं नाही," मॅडम म्हणाल्या होत्या. "मी फाइल उघडीन, तिचा इतिहास बघीन. कुणी कधी काय लिहिलं, ते फाइलच सांगेल."

पाळणाघर पाचला बंद व्हायचं. नवरा कारखान्यात पाळीवर. तिच्या आणि त्याच्या पाळ्या एकमेकींवर आदळल्या, तर पिल्लाला बघणार कोण? ताईनं कितीदा हिशोब मांडला, आणि दर वेळी उत्तर एकच आलं. दिवसाची ड्यूटी मिळाली तर पदवी, नाही तर दुसऱ्यांदा घरी.

आणि फाइलीत तर जिकडे बघावं तिकडे हिरवंगार.

*

बुधवारच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये चिमणीनं आराखडा मांडला. विषय होता जुलाब झालेल्या बाळांच्या आयांना घरी जाताना द्यायचं माहितीपत्रक. ताईचा कॅमेरा बंद होता, कारण पदराआड पिल्लू दूध पीत होतं आणि मध्येच चावत होतं.

"वा," मॅडम म्हणाल्या. "आई घाबरलेली असताना तिला लांबलचक वाक्य कळत नाही, हा मुद्दा फार चांगला आहे. कुणाला सुचला?"

तो ताईला सुचला होता. गेल्या महिन्यात पिल्लाला जुलाब झाले तेव्हा ती स्वतः दवाखान्याच्या कागदावरची एकच ओळ पाच वेळा वाचत बसली होती, आणि तेच तिनं चिमणीला सांगितलं होतं. तिनं घाईनं आवाज सुरू केला. नेमकं तेव्हाच पिल्लू खच्चून किंचाळलं.

"अगं बाई! ताई, आधी बाळाकडे बघा," मॅडम हसल्या. "ताई आहेत ना मीटिंगमध्ये? कॅमेरा दिसत नाही."

"आहेत मॅडम," चिमणी म्हणाली. "त्या सगळं ऐकतायत. आणि तो मुद्दा..."

"बरं, पुढं चला, वेळ कमी आहे," मॅडम म्हणाल्या.

त्या सगळं ऐकतायत! जणू ताई म्हणजे कोपऱ्यात खुर्ची देऊन बसवलेली कुणाची आजेसासू. ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. 'आणि तो मुद्दा' याच्या पुढं चिमणी काय म्हणणार होती, हा विचार तिच्या मनात आला, पण तिनं त्याला बसायला जागा दिली नाही.

लांबूनं ग्रुपवर लिहिलं, "पिल्लूला टीमचा चौथा मेंबर करा. मीटिंगमध्ये माझ्यापेक्षा जास्त तेच बोलतं."

चिमणीनं तीन हसरे चेहरे टाकले. ताईनं एकही टाकला नाही.

संध्याकाळी नवरा म्हणाला, "अगं, मग तिला सांग ना सरळ, माझं श्रेय मला दे म्हणून."

"सांगू काय? ती म्हणेल, ताई जळतात."

"जळतेस का?"

"पोळी करपेल तुझी. तिकडे बघ."

*

गुरुवारी दुपारी, त्याच सव्वादोनला, पत्रकाचा मसुदा पूर्ण झाला. लांबूनं पेल्याचं चित्र चिकटवलं, हिरवी रेघ शेवटच्या ओळीपर्यंत जाऊन थांबली, आणि चिमणीचा निरोप आला: "ताई, एकदा नजर घालाल? कामांच्या यादीत पुढचं टाकलंय, तेही बघून घ्या."

ताईनं यादीवर न बघताच 'बघितलं'ची खूण केली आणि मसुदा वाचायला घेतला. वाचणं कसलं, चुका वेचणं चाललं होतं. एक वेलांटी सापडली, पण वेलांटीनं कुणाची शिफारस जात नाही. मग पाचव्या ओळीवर तिची नजर अडकली.

'एक पाकीट ओआरएस पेलाभर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण घाला. अर्धे घालू नका.'

पेलाभर? पिल्लाच्या वेळी घरी आणलेलं पाकीट छोटं होतं, ते पेल्यालाच असतं. पण वॉर्डात वाटतात ते मोठं, एक लिटर पाण्याचं. मोठं पाकीट पेल्यात घातलं तर पाणी पाचपट खारट. आधीच सुकलेल्या बाळाच्या अंगात एवढं मीठ गेलं तर झटके येऊ शकतात. हे तर नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाचं पोरही सांगेल. आणि ओळ होती हिरव्यागार अक्षरात.

अंगठा आपोआप चालला. ओळीशेजारी तिनं कॉमेंट टाकली: 'पाण्याचं माप चुकलंय.'

टाकली आणि ती त्या तीन शब्दांकडे बघत बसली. आता काय होईल? चिमणी 'थँक्यू ताई' म्हणेल, ओळ दुरुस्त करेल आणि दुरुस्तीही हिरव्याच रंगात दिसेल. सोमवारी मॅडम मसुदा तपासतील आणि म्हणतील, वा.

आणि कॉमेंट नसेल तर? तर सोमवारी मॅडम पाचव्या ओळीवर थांबतील. मॅडमच्या नजरेतून असलं काही सुटत नाही. चष्मा कपाळावर ढकलून विचारतील, हे कुणी लिहिलं? कच्चा मसुदाच तर आहे, कुणाचं काय वाईट होणार? झालीच तर एका हुशार पोरीची थोडी फजिती.

पिल्लानं झोपेत उसासा टाकला. ताईनं कॉमेंटवर बोट ठेवलं. 'काढून टाकायची?' असं फाइलीनं विचारलं.

हो, काढ.

मग तिला बरं वाटलं. पाहुण्यांसाठी झाकून ठेवलेल्या डब्यातलं गुपचूप काढून खाल्ल्यावर वाटतं तसं, जिभेला गोड आणि छातीत धडधड.

*

शनिवारी ताईची वॉर्डात सकाळची ड्यूटी होती. औषधांच्या ट्रॉलीमागून ती चौथ्या खाटेपाशी आली आणि जागच्या जागी थांबली. खाटेवरच्या बाळाची आई एक कागद वाचत होती. त्यावर लांबूचा पेला होता.

"हे कुणी दिलं तुम्हाला?"

"त्या छोट्या सिस्टर आहेत ना, त्यांनी. वाचून काय कळलं ते सांगा म्हणाल्या."

छोट्या सिस्टर खिडकीपाशी वही घेऊन उभ्या होत्या. ताई जवळजवळ धावतच गेली. "हे तू वाटलंस? सोमवारच्या आधी?"

"पाच आयांना देऊन बघायचं होतं ना ताई, कळतंय का ते. यादीत टाकलं होतं. तुम्ही खूणही केलीत." ताईचा चेहरा बघून चिमणीचा आवाज बारीक झाला. "का? काय झालं?"

"पाकीट कुठंय? वॉर्डातलं पाकीट दाखव."

चिमणीनं खिशातून पाकीट काढलं. त्यावर बारीक अक्षरात छापलेलं होतं, एक लिटर. तिनं ते वाचलं, मग पत्रक वाचलं, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

चार कागद दोन मिनिटांत गोळा झाले. पाचवा सापडेना.

"बारा नंबर," चिमणी पुटपुटली. "दहा महिन्यांची मुलगी. अकराला घरी गेली. ताई, मी दोन पाकिटं दिली त्यांना."

घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

वॉर्डाच्या मुख्य सिस्टरनी रजिस्टर उघडून नंबर काढला. आणि त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "पाकिटावर लिहिलेलं असतं गं! वाचता येत नाही तुम्हाला? तिघांनी मिळून काय केलंत मग, चित्रं काढलीत?"

फोन ताईनं लावला. सात वेळा घंटी वाजली. या सात घंट्यांत तिला पिल्लाचं तोंड दिसलं, गेल्या महिन्यातलं, ओठ सुकलेलं.

"हॅलो?"

"मी हॉस्पिटलमधून बोलतेय. बाळाला पाणी दिलंत का? पाकिटाचं?"

"आत्ताच केलंय बघा. पण ती पीत नाही हो. दोन चमचे दिले तर थुंकून टाकलं. मी चाखलं, तर नुसतं मीठ! म्हटलं औषध आहे, कडू-खारट असायचंच. नाक दाबून पाजणार होते."

"नको, नको! ओतून टाका ते. सगळं. ऐकताय ना? आमच्या कागदावर चूक झाली आहे."

"चूक?" ती म्हणाली. "पाकिटावर बारीक काहीतरी होतं. पण तुमच्या कागदावर मोठ्या अक्षरात होतं ना, म्हणून मी तेच धरलं."

ताईनं एक लिटर कसं मोजायचं ते सांगितलं, तिच्याकडून दोनदा म्हणून घेतलं, बाळाला तसंच घेऊन परत यायला सांगितलं. तासाभरात ती आली. डॉक्टरांनी मुलीला तपासलं, रक्त तपासायला पाठवलं, संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. थुंकून टाकलं म्हणून वाचली, असं मुख्य सिस्टर म्हणाल्या. मुलगी मात्र सगळ्यांकडे बघून हसत होती.

"कुणी लिहिलं हे?" मुख्य सिस्टरनी विचारलं.

"मी," चिमणी म्हणाली.

हेच तर ऐकायचं होतं ताईला. मग बरं का वाटत नाही ते तिला कळेना.

कॉरिडॉरमध्ये चिमणी तिच्याजवळ आली. रडून नाक लाल झालेलं. "ताई, एक विचारू? गुरुवारी तुमची कॉमेंट मला मेलवर आली होती. कॉमेंट टाकली की सगळ्यांना मेल जातो ना, तसा. मी आज सकाळी बघितला. पाण्याचं माप चुकलंय, असं होतं. लगेच फाइल उघडली, तर कॉमेंट नाहीच. मग मला वाटलं, तुम्ही परत वाचलंत आणि तुम्हाला पटलं. तुम्ही काढलीत म्हणजे ओळ बरोबरच असणार." तिनं नाक ओढलं. "तुमच्याइतकं आमच्यात कुणाला कळतंय? मी पाकीट बघायला हवं होतं. माझंच चुकलं."

ताईला काहीतरी बोलायचं होतं. ती म्हणाली, "तोंड धुऊन ये." आणि ट्रॉली ढकलत पुढं गेली.

*

रविवारी नवरा पिल्लाला घेऊन बागेत गेला आणि ताई कामाला बसली. झालं ते वाईट झालं, पण मुलगी बरी आहे. आता निदान सोमवारी मॅडमना कळायला हवं, की हिरव्यातलं किती माझं आहे. ती जुने व्हॉइस मेसेज एकेक करून ऐकू लागली आणि वहीत उतरवू लागली. हे माझं. हेही माझं. लांबलचक वाक्यांचा मुद्दा माझा. अकरा ओळी झाल्या.

बाराव्या मेसेजमध्ये आधी पिल्लाचं रडणं आलं, मग भांडं पडल्याचा आवाज, मग तिचा स्वतःचा, थकलेला, घाईचा: "हां, लिहून घे गं. एक पाकीट पेलाभर पाण्यात, उकळून गार केलेल्या. सगळं घालायचं. अर्धं नाही घालायचं, आया अर्धं घालतात. थांब रे राजा, आले, आले."

तिनं पुन्हा ऐकला. तिसऱ्यांदा ऐकला.

तारीख बघितली. पिल्लाच्या जुलाबाचा तिसरा दिवस. समोर ओट्यावर घरचं छोटं पाकीट फोडलेलं असणार, ते बघून ती बोलली होती. आणि चिमणीनं शब्द जरासे नीटनेटके करून तसंच उतरवलं होतं, ताईंना कळतं म्हणून. हा मेसेज चिमणीच्या फोनमध्येही होता. काल मुख्य सिस्टरसमोर ती तो वाजवू शकली असती.

वहीतल्या अकरा ओळींखाली बाराव्या ओळीची जागा रिकामी होती. अकरा मागायच्या तर बारावीही घ्यावी लागणार. आणि कॉमेंटचं काय? ती तर कुणाच्याच रंगात उरली नव्हती. फक्त मेलमध्ये होती.

नवरा परत आला तेव्हा ती तशीच बसलेली. पिल्लाच्या दोन पायांत दोन वेगळ्या जोड्यांचे मोजे होते.

"अरे, हे काय घातलंयस?"

"दोन पाय, दोन मोजे. तक्रार कुणाची आहे? पिल्लूची तर नाही."

ती हसायला गेली आणि रडली.

*

सोमवारी मीटिंग सुरू झाली. मॅडमना वॉर्डातून सगळं कळलं होतं. चष्मा कपाळावर होता.

"पाचवी ओळ. इतिहासात चिमणीचं नाव दिसतंय."

"हो मॅडम, माझीच..."

ताईनं कॅमेरा सुरू केला. पडद्यावर ती आली, केस विस्कटलेले, मांडीवर पिल्लू, पिल्लाच्या तोंडात तिच्या ओळखपत्राची दोरी.

"मॅडम, ओळ माझी आहे. मी सांगितली, तिनं लिहिली. मेसेज आहे, मी पाठवते." तिनं श्वास घेतला. आता थांबली तर पुन्हा कधी बोलणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. "आणि गुरुवारी ती चूक आहे हे मला दिसलं होतं. मी कॉमेंट टाकली आणि काढली. मुद्दाम. तुम्ही सोमवारी पकडाल आणि हिला बोलाल, म्हणून. मला दिवसाची ड्यूटी हवी होती."

लांबूनं स्वतःचा कॅमेरा बंद केला, मग परत सुरू केला. चिमणी पडद्यातून सरळ ताईकडे बघत होती. ती चिडली असती तर बरं झालं असतं, पण तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपल्या घरच्या माणसानं हात उगारल्यावर दिसतं, तसं काहीतरी होतं.

"ताई," मॅडम म्हणाल्या, "माप चुकणं मी समजू शकते. तेवढ्यासाठीच तर तिघांनी एक फाइल बघायची असते, एकाचं चुकलं तर दुसऱ्याला दिसावं म्हणून. तुम्हाला दिसलं. हे मला कॉलेजला लेखी कळवावं लागेल."

"हो मॅडम."

"शिफारस चिमणीची जाईल. तिनं पाकीट बघितलं नाही, त्याचे गुण कापलेत. पण पाच आयांना वाचायला देणं, हे बाकी कुठल्याच टीमला सुचलं नाही. तुम्हाला तिन्ही पाळ्या." त्या थांबल्या. "तुम्ही येणार आहात ना? का परत सोडणार?"

ताईनं पिल्लाच्या तोंडातली दोरी काढली. "येणार आहे," ती म्हणाली. "वेळापत्रक कधी मिळेल?"

*

वेळापत्रक बुधवारी आलं. ताईनं एक नवी फाइल उघडली, नाव दिलं 'पिल्लू', आणि नवऱ्याला आत घेतलं. त्याचा रंग नारिंगी आला. नारिंगी रेघ आधी बराच वेळ एकाच जागी लुकलुकत राहिली, मग त्यानं 'सोमवार' लिहिलं, चुकून सगळं पुसलं, आणि स्वयंपाकघरातून ओरडून विचारलं, "गेलं कुठं?"

दोघांनी मिळून आठवडा भरला. तिच्या रात्रपाळीला तो घरी, त्याच्या सकाळपाळीला ती. सगळं कसंबसं बसलं. फक्त मंगळवारची संध्याकाळ, पाच ते नऊ, पांढरी राहिली. दोघंही कामावर. ताईनं ग्रुपवर विचारलं, कुणाला एखादं पाळणाघर माहीत आहे का, उशिरापर्यंतचं. आणि विचारताना फाइलच चिकटवून टाकली.

दुपारी सव्वादोनला, पिल्लू हातावर झोपलेलं असताना, त्या पांढऱ्या चौकोनाशेजारी हिरव्या नावाची कॉमेंट उमटली.

'मी चारला सुटते. मंगळवारी मी येऊ?'

सोमवारनंतर चिमणी तिच्याशी कामापुरतंच बोलत होती. या कॉमेंटमध्येही 'ताई' नव्हतं.

ताई वाचत राहिली. बरं वाटायला हवं होतं, पण आधी तो जुना काटाच हलला. ही चारला सुटणार. ही माझ्या घरात बसणार. तिची दहाही बोटं मोकळी, आवाज गोड, झोप पुरी झालेली. आणि नऊला मी दमूनभागून दारात उभी राहीन आणि पिल्लू तिच्या मांडीवरून उतरायलाच तयार नसलं तर?

अंगठा कॉमेंटवर गेला. एक चौकट उघडली. उत्तर द्या. काढून टाका.

पिल्लानं झोपेत तिचं बोट घट्ट धरलं. उरलेल्या अंगठ्यानं, एकेक अक्षर शोधत, ताईनं जांभळ्यात लिहिलं, 'ये. त्याला खांद्यावर घेतलंस की झोपतो. मोजे दुसऱ्या कप्प्यात आहेत.'

मग थोडं थांबून तिनं आणखी एक ओळ टाकली.

'आणि मी काही चुकीचं लिहिलं असेल तर इथेच लिही. मी काढणार नाही.'